आजोळचे गणपती आणि घरचे पंचशील



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून आणि कितीतरी घरांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. नेमके याच तीन महिन्यांत शेजारी श्रावण असतो, राखीपौर्णिमा असते, दहीहंडी, गौरी-गणपती आणि नवरात्र असते. आपल्या घरात ग्रंथ उघडलेला आणि गल्लीच्या तोंडाशी मंडप घातलेला! मोठ्या माणसाला याची अडचण होत नाही. त्याने आपला मार्ग ठरवलेला असतो. प्रश्न पडतो तो चार-पाच वर्षांच्या लेकराला. त्याला दोन्हीकडचे दिवे दिसतात आणि दोन्हीकडून हाका येतात.

ज्या घरात वडील बौद्ध आणि आई हिंदू घरातली, किंवा आई बौद्ध आणि वडील दुसऱ्या समाजातले, त्या घरातल्या लेकराला तर ही हाक थेट रक्ताच्या नात्यातून येते. मंडळाचा गणपती टाळता येतो. आजीचा कसा टाळणार?

बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिले. नुसत्या सहभोजनाने जात मोडणार नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे 15 एप्रिल 1948 रोजी त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत विवाह केला. त्या सारस्वत ब्राह्मण घरातल्या होत्या. 1954 साली विशेष विवाह कायदा झाला आणि धर्म न बदलता लग्न करण्याची वाट अधिक सोपी झाली. अशी लग्ने करणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांतून दिसतात. आपण त्यांचे स्वागत करतो, सत्कारही करतो. लग्नापर्यंतचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला. त्या लग्नातून जन्मलेल्या लेकराने सणावाराला कुठे जायचे, कोणाला काय म्हणायचे, याचा विचार मात्र ज्याने त्याने आपापल्या घरात भांडून केला. म्हणून आज त्याविषयी लिहितो.

अशाच एका घरातला प्रसंग सांगतो. नावे सांगत नाही.

वडील बौद्ध, एका कारखान्यात फिटर. आई कोकणातल्या कुणबी घरातली. लग्न रजिस्टर पद्धतीने झाले आणि माहेरचा दरवाजा बंद झाला. पुढे मुलगी झाली, ती चालू-बोलू लागली, तिचा फोटो मोबाईलवरून आजीपर्यंत पोहोचला आणि आजीचा जीव राहवेना. त्या वर्षी गौरी-गणपतीला मामा स्वतः आला आणि मायलेकींना घेऊन गेला. जाताना जावयाला म्हणाला, “तुम्हाला रजा मिळत नसेल तर राहू द्या.” जावयाने रजेचा विषयच काढलेला नव्हता. काय समजायचे ते तो समजला आणि गप्प बसला.

आठ दिवसांनी पोर परत आली. अंगात नवा फ्रॉक, हातात बांगड्या आणि तोंडात आरती. संध्याकाळी तिने ती सगळ्यांसमोर म्हणून दाखवली. झाले! घरात वाद पेटला. बापाच्या आईने कपाळाला हात लावला. काका म्हणाला, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे काय चाललंय?” पोरीची आई रडू लागली. भांडण आमच्या कानावर आले, म्हणून आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते त्या घरी गेलो. ती पोर दाराशी खेळत होती. आमच्यातल्या एकाने तिला नेहमीप्रमाणे हात जोडून “जयभीम, बाळ” म्हटले. पोरीने आधी आईकडे पाहिले आणि हळूच विचारले, “इथं म्हणायचं ना? मामाकडं नाही म्हणायचं.”

आठ दिवस त्या घरात आरतीवरून भांडण चालू होते. या वाक्याकडे कोणाचे लक्षच गेलेले नव्हते!

वाचकहो, माझ्या मते त्या लेकराचे खरे नुकसान त्या वाक्यात होते. आरती पोर ऐकून शिकते. तशीच ती टीव्हीवरची साबणाची जाहिरातही शिकते आणि चार-सहा महिने कानावर पडली नाही की विसरून जाते. पण आपल्या घरचा नमस्कार ही लपवायची गोष्ट आहे, आपल्या बापाची ओळख चारचौघांत सांगायची नसते, हे एकदा मनात बसले की विसरले जात नाही. त्या पोरीपुढे जातीचा शब्दसुद्धा कोणी उच्चारलेला नव्हता. तरीही जात काय असते हे तिला चौथ्या वर्षी शिकवले गेले, आणि तेही सणाच्या घरात, लाडाकोडात.

पंचशीलातले चौथे शील खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे आहे. ते आपण रोज म्हणतो. मग लेकराला स्वतःच्या बापाविषयी गप्प राहायला लावणे या शीलात बसते काय? आरती म्हटली म्हणून आपण पोरीला रागावतो आणि ओळख लपवली तर ‘जाऊ द्या, नाते टिकले पाहिजे’ म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे उलटे आहे. आरतीवर डोके तापवू नका, पण लपवण्यावर तडजोड करू नका.

कोणी म्हणेल, प्रतिज्ञांचे काय? बावीस प्रतिज्ञांतल्या तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीचा उल्लेख नावानिशी आहे. ती प्रतिज्ञा मोठ्या माणसाने समजून-उमजून घेतलेली असते. ज्याने घेतली त्याने ती पाळलीच पाहिजे. सासुरवाडीला गेला तरी पूजेला बसू नये, आरतीला हात जोडू नयेत, आणि कोणी विचारले तर शांतपणे कारण सांगावे. पण तीन-चार वर्षांच्या लेकराने अजून कसलीही प्रतिज्ञा घेतलेली नाही. आजीच्या मांडीवर बसून त्याने मोदक खाल्ला तर धम्म बुडत नाही. मोदक तांदळाच्या पिठाचा, गुळाचा आणि खोबऱ्याचा असतो. त्यातला देव लेकराला माहीत नसतो, आजी माहीत असते.

खुद्द बाबासाहेबांचे बालपण आठवा. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. ते मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बाबासाहेबांनी 1956 साली आपल्या बुद्धग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही हकीकत सांगितली आहे. हे ग्रंथ आम्ही का वाचायचे, असे त्यांनी वडिलांना विचारले होते. भीष्म, द्रोण, कृष्ण यांतले कोणीच आपल्याला आवडत नाही, असेही सांगितले होते. पुढे ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी कौतुकाची सभा भरवायचे ठरवले. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील तयार नव्हते, तेव्हा दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली. त्याच सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. ते पुस्तक वाचूनच आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेब लिहितात.

यातून आपण पालकांनी काय घ्यायचे? त्या घरात मुलगा वडिलांना उलट प्रश्न विचारू शकत होता. आणि योग्य वेळी एका कौतुकाच्या समारंभात त्याच्या हाती योग्य पुस्तक पडले. मुलाचे कान बंद करणे कोणालाच जमलेले नाही. त्याला विचारू द्यावे आणि आपल्या घरचे चांगले ते त्याच्या हाती द्यावे, हे मात्र जमण्यासारखे आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. देव वाटून घेता येत नाहीत, पण नात्यांचे मान वाटून घेता येतात. आजोळी बारसे करायचे म्हणतात ना? मग बारशात मान कोणाचा असतो? आत्याचा! बाळाच्या कानात नाव सांगायचे काम तिचे. आत्या म्हणजे बापाची बहीण, म्हणजे आपल्या घरची लेक. तिला मानाने बोलावणार असाल तर बारशाला हरकत नाही. तिला टाळून बारसे उरकणार असाल तर ते बारसे कसले? तसेच आपल्या घरी नामकरण असते. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील होते. त्या दिवशी मामाला बोलवा आणि भाच्याचे नाव त्याला जाहीर करायला सांगा. पाळणा तर दोन्हीकडे म्हटला जातो. आपल्या आयाबाया भीमाचा पाळणा म्हणतात, तिकडच्या दुसरा म्हणतात. दोन्हीकडच्या बायका एका पाळण्याची दोरी धरून उभ्या राहिल्या तर लेकराला आणखी काय हवे?

दुसरी गोष्ट. जाणे-येणे दोन्ही बाजूंनी हवे. लेकरू दर सणाला आजोळी जाते, पण आजोळचे माणूस आपल्या घरची पायरी चढत नाही, असे किती वर्षे चालणार? लेकरू लहान असते, पण हिशेब त्याला कळतो. आजी आली, पण जेवली नाही. म्हणाली उपवास आहे. पुढच्या वेळी आली तेव्हा पिशवीत विकतच्या पाण्याची बाटली होती आणि ती आपल्याच बाटलीतले पाणी प्यायली. सहा वर्षांच्या नातवाने विचारले, “आजी, आमच्या माठातलं पाणी गार असतं, ते का नाही पीत?” काय सांगणार त्याला? 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला बाबासाहेब का गेले, हे त्या पोराला पुस्तकात वाचायच्या आधी आपल्याच घरात कळते.

म्हणून आमंत्रण नेहमी द्यावे. वैशाख पौर्णिमेच्या खिरीला बोलवावे, 14 एप्रिलला बोलवावे, पोराच्या वाढदिवसाला बोलवावे. पहिल्या वर्षी कोणी येणार नाही, दुसऱ्या वर्षी एखादा येईल. बोलावणे मात्र चुकवू नये. आणि तीन-चार वर्षे सतत बोलावूनही समोरून एकदाही पाऊल पडले नाही, तर आपलीही पावले थोडी आवरावीत. लेकराची आजी तोडू नये, पण सणाच्या गर्दीत पाठवण्याऐवजी सुटीत चार दिवस पाठवावे. तेव्हा आजी फक्त आजी असते; पाहुण्यांपुढे कोणाची ओळख काय द्यायची, ही पंचाईत नसते.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि ती स्पष्टच सांगतो. आपल्याकडेही लेकराचे हत्यार केले जाते. सासरची सुनेला चिडवतात, “आली देवीची भक्तीण!” लेकरू ऐकत असते. त्याच्या आईची ज्या घरात टिंगल होते, त्या घरचा धम्म त्याला आपला कसा वाटेल? काही घरांत तर आजोळचे पाहुणे आले की चार वर्षांच्या पोराला मुद्दाम पुढे उभे करून प्रतिज्ञा म्हणायला लावतात. पोर अडखळत म्हणते, आजीचा चेहरा उतरतो आणि मोठी माणसे गालातल्या गालात हसतात. यात कसले प्रबोधन झाले? आजीने आरती पाठ करून घेतली म्हणून आपण रागावलो होतो. आपण वेगळे काय केले? सुनेने धम्म स्वीकारला असेल तर आनंद आहे. नसेल तर ते तिच्या मनावर सोडा. तिने आपले आईबाप सोडून आपले घर जवळ केले, ही गोष्ट लहान नाही.

चौथी गोष्ट. आपले घर सणाच्या दिवशी कोरडे ठेवू नका. कित्येक घरांत ‘आम्ही दिवाळी करत नाही, आम्ही गणपती आणत नाही’ एवढेच पोरांच्या कानावर पडते. नाही, नाही आणि नाही! मग पोराला वाटते, मजा सगळी तिकडे आणि मनाई सगळी इकडे. आपल्याकडे काय कमी आहे? 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, 7 फेब्रुवारीला रमाई जयंती, 11 एप्रिलला जोतिबांची आणि 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन. या दिवसांना घरात गोड करा, नवे कपडे घाला, पताका पोरांच्या हातून लावून घ्या. लेकराला एक काम त्याचे स्वतःचे द्या. पाच वर्षांच्या पोराला मेणबत्ती लावू देता येत नसेल तर फुले ठेवू द्या, खिरीच्या वाट्या शेजारी पोहोचवू द्या. ज्या दिवशी लेकराच्या हाताला काम असते, तो दिवस त्याच्या लक्षात राहतो. आणि 6 डिसेंबरला ‘आज गोड का नाही?’ असे त्याने विचारले तर तेही त्याला समजेल असे सांगा. आनंदाचे आणि दुःखाचे असे दोन्ही दिवस त्याला कळले पाहिजेत.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. मी कारकून माणूस. अर्जाचे रकाने तपासणे हे माझे रोजचे काम. अशा घरांतली कागदपत्रे पाहताना एक गोंधळ नेहमी दिसतो. एका कागदावर धर्म एक आणि दुसऱ्यावर दुसरा. कुठे कोणी घाईत भरलेला अर्ज, कुठे कोणी मुद्दाम रिकामा ठेवलेला रकाना. हे वेळीच दुरुस्त करा. लेकराला शाळेत घालताना अर्ज आईवडिलांनी एकत्र बसून भरावा आणि खरे ते लिहावे. ‘बौद्ध’ लिहिले म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. 1990 साली कायद्यात तशी दुरुस्ती झालेली आहे. आणि आंतरजातीय लग्नातल्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा एक निकाल पालकांनी माहीत करून घ्यावा. मूल वडिलांच्या जातीचे असे साधारणपणे धरले जाते, पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्याचे पालनपोषण कोणत्या समाजात झाले, लोकांनी त्याला कसे वागवले, हेही पुराव्याने दाखवता येते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आपल्या लेकराला कोणी कसे वागवले, हा प्रश्न कायद्यालाही महत्त्वाचा वाटतो. तो घरातल्या माणसांना वाटायला नको काय?

फिटरच्या घरी आम्ही एवढेच सुचवले की मामाशी एकदा स्पष्ट बोला. बापाने फोन केला. म्हणाला, “पोरीला पाठवीन, मोदक खाऊ दे, नाचू दे. पण जयभीम म्हणू नको असं तिला कोणी सांगायचं नाही. आणि पुढच्या वर्षी मलाही रजा मिळेल.” मामाने फोन ठेवून दिला. काही महिने कसलाच निरोप नव्हता. वैशाख पौर्णिमेचे बोलावणे मात्र गेले होते, आणि त्या दिवशी मामा एकटाच आला. खीर खाल्ली, भाचीने दाखवलेले फोटो पाहिले, हा कोण, तो कोण, सगळे तिच्याकडून ऐकून घेतले. पुढच्या गणपतीला बाप एक दिवस कोकणात जाऊन आला. पूजेच्या वेळी तो ओटीवर बसून राहिला. पंगतीला त्याला सगळ्यांबरोबर बसवले. मामीचे मन अजून वळलेले नाही. शेजाऱ्यांनी कोण म्हणून विचारले तर ती अजूनही अडखळते. पण पोर अडखळत नाही. “हे माझे बाबा,” असे ती स्वतःच सांगते.

ज्यांच्या घरात आंतरजातीय लग्न नाही त्यांनीही हा विषय दुसऱ्यांचा समजू नये. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली. त्यांतल्या बहुतेकांची मुले मिश्र वस्तीत, मिश्र शाळेत वाढतात. शाळेत दहा दिवस गणपतीची चित्रे काढायला लावतात, शेजारची काकू प्रसाद देते, मैत्रीण हळदीकुंकवाचे वाण दाखवते. कित्येकांच्या गावाकडच्या घरी देव्हारा अजून पूर्ण रिकामा झालेला नाही. 1956 नंतर टाक नदीत सोडले, तरी एखाद्या आजीने एक टाक फडक्यात गुंडाळून ठेवलेलाच असतो. तिथेही हेच करावे. लेकराने प्रश्न विचारला की त्याला गप्प करू नये. “ते देव मानतात, आपण मानत नाही. आपण माणसाने माणसाशी नीट वागावे असे मानतो. त्यांच्याशीही नीटच वागायचे,” एवढे उत्तर चार-पाच वर्षांच्या पोराला पुरते. ते मोठे झाले की ‘आपण का मानत नाही?’ हे विचारील. तेव्हा उत्तर देण्याइतके वाचन आपलेही असले पाहिजे. वर्षावासाचे तीन महिने त्यासाठीच आहेत. रोज एक पान वाचा, पण लेकराला जवळ बसवून, मोठ्याने वाचा.

येत्या सणाला आपले लेकरू कुठे पाठवायचे असेल तिथे जरूर पाठवा. पाठवण्याआधी तिकडच्या मोठ्यांशी एकदा बोलून घ्या. परत आल्यावर त्याने काय खाल्ले, कोणते गाणे म्हटले हे तर विचाराच, पण आणखी एक प्रश्न विचारा: “तुला कोणी काही सांगू नको म्हटलं का?” त्याने ‘नाही’ म्हटले तर नाते बरे चालले आहे असे समजा. ‘हो’ म्हटले तर लेकरावर रागावू नका. फोन उचला आणि मोठ्यांशी बोला.

जयभीम! नमो बुद्धाय!